एका वॉर्डातल्या हजार कुत्र्यांचं गणित

भारतातल्या कोणत्याही नगरपालिकेला रस्त्यावरची कुत्री सरसकट मारता येत नाहीत. पकडून शेजारच्या गावच्या हद्दीत सोडून येणंही कायद्यात बसत नाही. पालिकेने कुत्रं पकडायचं, त्याची नसबंदी करायची, रेबीजची लस टोचायची, कानाला खाच पाडायची आणि जिथून उचललं तिथेच परत सोडायचं, असा नियम आहे. हे शेवटचं वाक्य ऐकलं की अनेकांचं डोकं फिरतं. "परत सोडायचं तर पकडायचं कशाला?" हा प्रश्न सोसायटीच्या प्रत्येक सभेत विचारला जातो. ज्यांच्या घरातल्या लहान मुलाला कुत्रं चावलंय त्यांनी तो विचारणं अगदी स्वाभाविक आहे. त्या प्रश्नाचं उत्तर आहे, पण ते थोडं गणित मांडल्याशिवाय पटत नाही. म्हणून आधी कायदा आणि मग गणित, असं जाऊ.

मूळ कायदा 1960 चा, प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा. गंमत नव्हे, खरंच असं आहे की याच कायद्याच्या कलम 11 मध्ये भटक्या कुत्र्यांना ठरावीक पद्धतीने मारणं हा गुन्हा मानलेला नाही. त्यामुळे कित्येक वर्षं देशातल्या पालिका कुत्री मारतच होत्या, कुठे विष घालून, कुठे विजेचा धक्का देऊन. मुंबईत तर हे कंपनी सरकारच्या काळापासून चालू होतं. 1832 मध्ये सरकारने कुत्री मारण्यासाठी बक्षीस लावलं, तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला आणि शहरात दंगल झाली. त्यानंतर दीडशेहून जास्त वर्षं कुत्री मारूनही मुंबईतली कुत्री काही संपली नाहीत. 1990 च्या सुमारास जागतिक आरोग्य संघटनेनेही हेच मांडायला सुरुवात केली, की नुसतं मारून कुत्र्यांची संख्या टिकाऊपणे कमी झाल्याचा किंवा रेबीज आटोक्यात आल्याचा पुरावा मिळत नाही. त्याच दशकात मुंबई आणि चेन्नईने मारणं थांबवून नसबंदीचा रस्ता धरला.

केंद्र सरकारने डिसेंबर 2001 मध्ये या पद्धतीला नियमांचं रूप दिलं. त्यांना सगळे 'एबीसी नियम' म्हणतात, म्हणजे अ‍ॅनिमल बर्थ कंट्रोल. पण 1960 चा कायदा एक म्हणतो, महापालिकेचा कायदा दुसरं म्हणतो आणि हे नियम तिसरंच सांगतात, असा पेच उरलाच. तो मुंबई उच्च न्यायालयापुढे आला. 2008 मध्ये पूर्णपीठाचा निकाल पालिकेचे अधिकार मान्य करणारा लागला आणि त्याला पुढे सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. तिथे ते प्रकरण वर्षानुवर्षं पडून राहिलं. ते निकाली निघालं मे 2024 मध्ये, आणि तोवर 10 मार्च 2023 रोजी नवे एबीसी नियम येऊन जुने रद्दही झाले होते. आज लागू आहेत ते हेच 2023 चे नियम.

या नियमांतल्या तरतुदी वाचल्या की जाणवतं, लिहिणाऱ्याला प्रत्यक्ष काम माहीत आहे. पकडलेल्या प्रत्येक कुत्र्याला क्रमांक द्यायचा, म्हणजे ते नेमकं कुठून उचललं हे विसरलं जाणार नाही. पिल्लं अंगावर पीत असलेली मादी उचलायची नाही, कारण ती चार दिवस गेली तर मागे पिल्लं मरतात. शस्त्रक्रियेनंतर किमान चार दिवस निगराणीत ठेवायचं. शस्त्रक्रियेत काढलेले अवयव जपून ठेवायचे आणि देखरेख समितीने ते मोजायचे. हे ऐकायला विचित्र वाटेल, पण यामागे कारण आहे. पालिकेसाठी हे काम करणाऱ्या संस्थेला पैसे दर कुत्र्यामागे मिळतात. कागदावर शंभर शस्त्रक्रिया दाखवून प्रत्यक्षात साठच केल्या, तर ते ओळखायचं कसं? बरणीतले अवयव मोजून. आणि हे काम करायला भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची मान्यता लागते. कुणीही उठून कुत्री पकडू शकत नाही.

कानाची खाचही अशीच साधी आणि उपयोगी. रस्त्यावरून चालता चालता कुणालाही कळतं की या कुत्र्याचं काम झालंय. तुमच्या गल्लीतल्या कुत्र्यांचे कान एकदा बघून या. किती कानांना खाच आहे आणि किती कान धड आहेत, यावरून पालिकेने तुमच्या भागात काय केलंय ते कुठल्याही अहवालापेक्षा लवकर समजेल.

गणित

आता गणिताकडे येऊ. खालचे आकडे मी समजावण्यासाठी गृहीत धरलेले आहेत, कुठल्या शहराच्या मोजणीतले नाहीत.

एका वॉर्डात 1000 कुत्री आहेत असं धरू. त्यात 500 माद्या. प्रत्येक मादी वर्षातून एकदा विते आणि सरासरी पाच पिल्लं होतात. रस्त्यावरच्या पिल्लांपैकी बहुतेक गाडीखाली, आजाराने किंवा उपासमारीने मरतात. पाचातलं एकच पिल्लू वर्षभर तगतं असं धरू. मोठ्या कुत्र्यांपैकीही दरवर्षी शंभरातली तीस मरतात, कारण रस्त्यावरचं आयुष्य छोटंच असतं.

काहीच केलं नाही तर वर्षाला 300 कुत्री मरतील आणि 500 नवी उभी राहतील. संख्या वाढेल. ती कुठवर वाढेल हे ठरतं खाणं किती मिळतं यावर, त्याकडे पुढे येतो.

समजा पालिकेने वर्षभर रमतगमत काम करून 200 माद्यांची नसबंदी केली. उरलेल्या 300 माद्यांची 300 पिल्लं तगतील आणि 300 कुत्री मरतील. वर्ष संपलं, पैसे खर्च झाले, आणि वॉर्डात कुत्री तेवढीच आहेत. लोक म्हणतात नसबंदीचा उपयोग होत नाही. त्यांच्या डोळ्यांना जे दिसतं ते खरंच आहे.

आता त्याच वॉर्डात एकदम जोर लावून 350 माद्या, म्हणजे शंभरातल्या 70, पूर्ण केल्या असं धरू. उरल्या 150. त्यांची 150 पिल्लं तगली, 300 कुत्री मेली. पहिल्या वर्षाअखेर 1000 ची 850 झाली. हा फरक रस्त्यावर दिसतो.

पण गाडं इथेच अडतं. पुष्कळ ठिकाणी यानंतर मोहीम थांबते. निविदा संपते, निधी संपतो किंवा साहेब बदलतात. नसबंदी झालेल्या कुत्र्यांपैकीही दरवर्षी तीस टक्के मरणारच, आणि नवी वाढलेली पिल्लं सगळी जननक्षम. म्हणजे वर्षभरात नसबंदी झालेल्या माद्यांचं प्रमाण 70 वरून साधारण 58 टक्क्यांवर येतं. पुढच्या वर्षी 44. त्याच्या पुढच्या वर्षी 32. कुत्र्यांची संख्या 850, मग 775, मग 758 अशी उतरते आणि चौथ्या वर्षी 790 होऊन परत चढायला लागते. प्रत्यक्षात ती याहून लवकर चढते, कारण कुत्री कमी झाली की प्रत्येक पिल्लाच्या वाट्याला जास्त खाणं येतं आणि पाचातलं एक नव्हे, दोन तगतात.

मला या विषयात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच वाटते. हे काम विखरून केलं तर जवळपास वाया जातं, आणि एका भागात सलग, पूर्ण केलं तर लागू पडतं. शहराने वर्षात किती हजार शस्त्रक्रिया केल्या, हा आकडा वर्तमानपत्रात मोठा दिसतो, पण त्यावरून काही कळत नाही. कळतं ते अमुक एका वॉर्डातल्या शंभर माद्यांपैकी किती झाल्या यावरून. आणि तो वॉर्ड एकदा सत्तरच्या वर गेला की दरवर्षी तिथे थोडं काम करत राहावंच लागतं, नव्या पिल्लांपुरतं. ते खर्चाने फार नसतं, पण ते कुणाच्या अंदाजपत्रकात सहसा नसतं.

आणखी एक बाब आपल्याकडे सगळ्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे, पण मोहिमांच्या वेळापत्रकात ती दिसत नाही. आपल्याकडची कुत्री मुख्यतः भाद्रपदात माजावर येतात. गर्भ राहिल्यापासून साधारण 63 दिवसांनी पिल्लं होतात, म्हणजे दिवाळीच्या आसपास आणि त्यानंतर गल्लोगल्ली पिल्लं दिसतात. याचा अर्थ, आषाढ-श्रावणाच्या आत झालेली प्रत्येक शस्त्रक्रिया एक वीण टाळते, आणि कार्तिकात केलेली शस्त्रक्रिया त्या वर्षापुरती उशिरा पोचलेली असते. पावसात कुत्री पकडणं आणि जखमा कोरड्या ठेवणं अवघड जातं हे खरं, म्हणून मोठा जोर हिवाळ्याच्या शेवटापासून उन्हाळाभर लावायला हवा. पण नवं आर्थिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं आणि निविदा निघेपर्यंत पाऊस येतो.

परत तिथेच का?

आता त्या मूळ प्रश्नाकडे. कुत्री राहतात कशावर? उघड्या कचराकुंड्या, मटणाच्या दुकानांमागचा टाकाऊ माल, खाऊगल्ल्या, आणि माणसं देतात ते. एका भागात जेवढं खाणं, तेवढ्या कुत्र्यांना तिथे जागा. एके काळी मेलेली गुरं गिधाडं साफ करत. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधाने ती गिधाडं 1990 च्या दशकात झपाट्याने मेली. 2006 मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली, पण तोवर फार उशीर झाला होता. गिधाडांच्या वाट्याचं मांस मग कुत्र्यांच्या वाट्याला आलं.

अशा भागातून खाच असलेली, लस टोचलेली कुत्री उचलून दूर नेली, तर खाणं तिथेच राहतं. काही आठवड्यांत शेजारच्या भागातली कुत्री तिथे येतात. ती नवी असतात, त्यांची ना नसबंदी झालेली असते ना लसीकरण, आणि जागेसाठी त्यांच्यात मारामाऱ्या होतात. म्हणजे तुमच्या पैशाने सुरक्षित केलेली कुत्री तुम्हीच घालवली आणि अनोळखी कुत्र्यांना जागा करून दिली. उलट, नसबंदी झालेलं कुत्रं आपली गल्ली राखतं, बाहेरच्याला येऊ देत नाही आणि त्याची संख्या वाढत नाही. परत तिथेच सोडण्यामागचं कारण हे आहे.

मग सगळ्यांनाच निवारागृहात का ठेवू नये? 11 ऑगस्ट 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने दिल्ली आणि आसपासच्या शहरांसाठी असाच आदेश दिला होता. अकराच दिवसांत, 22 ऑगस्टला, तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो बदलला. नसबंदी, लस आणि जंताचं औषध देऊन कुत्री त्याच भागात सोडा, फक्त रेबीज झालेली किंवा तशी शंका असलेली आणि आक्रमक कुत्री सोडू नका, असं त्याने सांगितलं. खायला घालण्यासाठी ठरावीक जागा असाव्यात, वाटेल तिथे रस्त्यावर घालू नये, हेही त्यात होतं. मग 7 नोव्हेंबर 2025 ला आणखी एक आदेश आला. शाळा-महाविद्यालयं, रुग्णालयं, क्रीडासंकुलं, बस आगारं आणि रेल्वे स्थानकं या आवारांतली कुत्री हलवायची, नसबंदी आणि लसीकरण करून निवाऱ्यात ठेवायची, आणि परत तिथे सोडायची नाहीत. म्हणजे 'परत तिथेच' या नियमाला आता काही जागांपुरता अपवाद आहे.

शाळा आणि रुग्णालयाच्या आवारापुरता हा अपवाद मला समजतो. पण तो सगळ्या शहराला लावायचा म्हटलं तर खर्चाचा हिशेब बसत नाही. पाहणीनुसार मुंबईत 2014 मध्ये सुमारे 95 हजार भटकी कुत्री होती आणि दहा वर्षांनी सुमारे 90 हजार. एका कुत्र्याच्या खाण्याला रोज फक्त 40 रुपये धरले तरी 90 हजार कुत्र्यांचे वर्षाला 131 कोटी होतात. यात जागा, माणसं, औषधं काहीच धरलेलं नाही. आणि 2019 च्या पशुगणनेत महाराष्ट्रातली भटकी कुत्री पावणेतेरा लाखांच्या घरात होती.

पाळीव कुत्र्यांचं काय?

इतका वेळ आपण फक्त पालिकेबद्दल बोललो, कारण वादही फक्त तेवढ्यावरच होतो. पण 2023 च्या नियमांत एक ओळ मालकांसाठीही आहे. पाळीव प्राण्याचं जंतनिर्मूलन, लसीकरण आणि नसबंदी ही मालकाची जबाबदारी. ओळ स्पष्ट आहे, पण तिच्यामागे बळ नाही. केंद्राने केलेले नियम मोडल्याबद्दल 1960 चा कायदा जो दंड सांगतो तो जास्तीत जास्त 100 रुपये किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. पाळलेलं जनावर उपासमारीने हाल होतील अशा स्थितीत टाकून दिलं, तर पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये. हे आकडे कित्येक दशकं तसेच आहेत. महागडं पिल्लू विकत घेऊन दोन वर्षांनी हायवेला सोडून देणाऱ्याला याची भीती वाटायचं काहीच कारण नाही.

परदेशात काही ठिकाणी मालकांवरच भर आहे. अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस शहराने 2008 मध्ये चार महिन्यांवरच्या पाळीव कुत्र्या-मांजरांची नसबंदी सक्तीची केली, त्याला काही अपवाद ठेवले. बेल्जियममध्ये पाळीव मांजरांसाठी सक्ती आहे. पण तिथला प्रश्न वेगळा आहे, तिथे नको असलेली जनावरं निवारागृहात जमा होतात. आपल्याकडे ती रस्त्यावर येतात आणि तिथे वितात. आपल्याला जवळचं उदाहरण भूतानचं. तिथे 2009 पासून रस्त्यावरच्या कुत्र्यांची नसबंदी चालू होती, आणि शेवटच्या टप्प्यात सगळा देश एकाच मोहिमेत उतरला. 2023 मध्ये त्यांनी सर्व भटक्या कुत्र्यांची नसबंदी पूर्ण झाल्याचं जाहीर केलं. लहान देश आहे हे कबूल, पण आपला एखादा तालुकाही लहानच असतो.

आपल्याकडे खेड्यांत तर पाळीव आणि भटकं यांच्यातली रेषाच पुसट आहे. वस्तीवरचा, शेतावरचा कुत्रा कुणाचातरी असतो. त्याला नाव असतं, भाकरी मिळते, तो राखण करतो, पण रात्री मोकळा फिरतो. त्याच्या नसबंदीचा खर्च मालक करत नाही, कारण जवळपास ती करणारा डॉक्टर नाही. ग्रामपंचायतही करत नाही, कारण तिच्याकडे नसबंदी केंद्र नाही, पैसा नाही, माणूस नाही. कायद्याने ती स्थानिक प्राधिकरण असली तरी प्रत्यक्षात हे काम मोठ्या शहरांबाहेर फारसं पोचलेलं नाही. आणि महानगराच्या कडेची गावं अशी राहिली की तिथली पिल्लं शहरात येतच राहतात.

विक्रीसाठी पैदास करणाऱ्यांकरता 2017 चे वेगळे नियम आहेत. राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी, मादी दीड वर्षाची होण्याआधी लावायची नाही, वर्षात एकापेक्षा जास्त वेळा नाही, आणि आयुष्यात पाचपेक्षा जास्त विणी नाहीत. दोन महिन्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. समाजमाध्यमांवर पिल्लांच्या जाहिराती बघा, नोंदणी क्रमांक किती जण देतात ते दिसेल. पिल्लू घेणाराने तो मागायला सुरुवात केली तरी पुष्कळ फरक पडेल.

घरच्या कुत्र्याबद्दल काही समज मात्र कायद्याने जाणार नाहीत, ते बोलूनच घालवावे लागतील. मादीला एकदा तरी पिल्लं होऊ द्यावीत, नाहीतर तिच्या तब्येतीला वाईट, असं अजूनही सांगितलं जातं. त्याला आधार नाही. उलट वेळेत नसबंदी केली तर गर्भाशयात पू होण्याचा जीवघेणा आजार टळतो आणि स्तनाच्या गाठींचा धोका कमी होतो. कोणत्या वयात करावी हे जातीवर आणि अंगापिंडावर ठरतं. मोठ्या जातींत डॉक्टर थोडं थांबायला सांगतात, तेव्हा ते तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. नराची नसबंदी केली की तो राखण सोडतो, असंही म्हणतात. तो भटकणं आणि मारामाऱ्या कमी करतो. भुंकायचं ते भुंकतोच.

चावणं आणि रेबीज

नसबंदीची बाजू घेणाऱ्यांनी एक गोष्ट लपवू नये असं मला मनापासून वाटतं. खाच असलेलं कुत्रंही चावू शकतं. पिल्लं राखणारी मादी आणि माजाच्या दिवसांतले नर, या दोन कारणांनी होणारे चावे नसबंदीने कमी होतात. बाकीचे होत नाहीत. देशात 2024 मध्ये 37 लाखांहून जास्त चाव्यांची नोंद झाली, आणि त्यातला प्रत्येक आकडा म्हणजे कुणाच्यातरी घरातली एक घाबरलेली संध्याकाळ आहे. आज चावलेल्या माणसाला चार वर्षांनी संख्या कमी होईल हे सांगून उपयोग नाही.

त्याला तातडीने उपयोगी पडतं ते लसीकरण, माणसाचं आणि कुत्र्याचंही. रेबीजसाठी पुन्हा तोच 70 चा आकडा येतो. एखाद्या भागातल्या सत्तर टक्के कुत्र्यांना लस दिली की तिथली साखळी तुटते. पण ती दरवर्षी द्यावी लागते, शस्त्रक्रियेच्या वेळी एकदा टोचून भागत नाही. गोव्याने हे करून दाखवलं. राज्य सरकार आणि मिशन रेबीज ही संस्था यांनी मिळून गावोगाव फिरून कुत्र्यांना लशी टोचल्या, शाळांमधून मुलांना शिकवलं, संशयित कुत्र्यांवर लक्ष ठेवलं, आणि 2021 मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित राज्य जाहीर झालं. तिथे कुत्री आजही आहेत.

कुत्रं चावलं तर जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. हळद, तिखट, चुना काही लावू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस घ्या. जखम रक्ताळलेली असेल तर लशीबरोबर जखमेत देण्याच्या इम्युनोग्लोब्युलिनबद्दलही (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) विचारा. कुत्र्याच्या कानाला खाच आहे म्हणून लस टाळू नका. रेबीजची लक्षणं दिसू लागली की उपाय जवळजवळ उरत नाही.

आणि वॉर्ड ऑफिसला अर्ज करणार असाल, तर "आमच्या भागातली कुत्री उचला" असं लिहू नका. त्याने गाडी येते, दोन-चार कुत्री नेते आणि विषय तिथेच मिटतो. त्याऐवजी लेखी विचारा, माहितीच्या अधिकारात विचारा: या वॉर्डात माद्या किती आहेत, त्यातल्या किती झाल्या, गेल्या वर्षी यातल्या किती कुत्र्यांना पुन्हा लस दिली, देखरेख समितीची शेवटची बैठक कधी झाली, आणि पुढच्या भाद्रपदाच्या आत किती करणार?